बाहेरच्या बिजागऱ्या

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडून झाले, मग उठले. धाकटा भाऊ गेला म्हणून तांदळातले खडे जात नाहीत...

आमचे बाबा बालाघाटच्या एका औषधवाल्याची विलायती व्हॅन चालवत, लालबर्र्यापर्यंत पेट्या पोचवत. वसंता दोन वर्षांचा असताना ते गेले, मागोमाग माय. मागे एकच फोटो राहिला, तळहाताएवढा, डागाळलेला: व्हॅनपाशी बाबा, कडेवर तान्हं पोर. ते पोर वसंता, की त्याच्या जन्माआधीच वारलेला आमचा मधू, हे सांगणारं कोणी नव्हतं. वसंतानं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तान्ही पोरं सारखीच दिसतात." त्याचं तोंड उतरलं. 'तूच' म्हणता आलं असतं, पण माहीत नसलेलं मी बोलत नाही.

मग तो गाडीच्या मागे लागला. फोटो कधीचा ते गाडी सांगेल, म्हणे. तहसीलीतली नोकरी सांभाळून जुन्या विलायती व्हॅनी ओळखायला शिकला. समोरची काच अखंड की दोन तुकड्यांची, वळताना इशाऱ्याचा दांडा बाजूला बाहेर येतो की दिवा लागतो, यावरून साल सांगायचा. बाबांची व्हॅन मात्र जुळेना. अंग जुन्या सालाचं, दार नव्या सालाचं. दार कधी बदललं, हेच तो वर्षानुवर्षं गाडीवाल्यांना विचारत राहिला.

दिवाळीनंतर भेटायला गेले तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. उशाशी तोच फोटो, मोठा करून आणलेला. मी चष्मा लावून पाहिला.

"हे तर म्हशीचं दार."

"कोन्तं दार, बाई?"

"बिजागऱ्या बाहेर हायेत, पाय. तुह्या बारशाच्या दिवशी हट्ट्याच्या रस्त्यावर म्हशीनं जुनं दार चेपलं. बाबा जेवाले उशिरा आले, माय केवढी भांडली! मंग मिस्त्रीनं भंगारातलं हे बसवलं."

त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे तो मीच?"

"हौ. मधू तवा होता कुठं?"

"मंग इतके साल सांगितलं काहून नाही?"

"तू पोराचं इचारलं. दाराचं कधी इचारलं?"

हसता हसता त्याला ठसका लागला. मी पाठ चोळली, लहानपणी चोळायची तशी. त्यानंतर आठ दिवसांनी तो गेला.

त्याचा मोबाइल आता माझ्याकडे आहे. ओळखीचे-अनोळखी लोक त्याला गाड्यांचे फोटो पाठवून साल विचारायचे, अजून पाठवतात. मी एका बोटानं उत्तर लिहिते: वसंता वारला. मला गाडीतलं कळत नाही. घरात म्हातारी बाई असेल तर तिला दाखवा.