गुडघाभर उघडं शटर

माझ्या धाकट्या भावाला कुणी "मदत करू का" म्हणून विचारलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. लहानपणापासूनचं आहे हे. शाळेच्या दप्तराचा बंद तुटला तर सुईदोरा घेऊन स्वतः शिवत बसायचा, बोट टोचून घ्यायचा, पण आईला हात लावू द्यायचा नाही. पुढे एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, तिथे त्याचं नाव फूटपट्टी पडलं. खिशात कायम स्टीलची पट्टी. डब्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून हा झाकण मोजायचा. मी त्याची थोरली बहीण, राहते समोरच्याच घरात, त्यामुळे त्याचे हे सगळे गुण मी रोज जवळून पाहिलेत.

बायको मात्र अगदी वेगळी. ती बाजारातल्या चपलांच्या दुकानात विक्रीला होती. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या पायाचा नंबर सांगायची. "बसा हो, घालून तर बघा," म्हणत खाली वाकून बूट चढवायची आणि बोलता बोलता एकाच्या जागी दोन जोड गळ्यात मारायची. माझ्याही मारलेत. एक जोड अजून खोक्यात पडून आहे, पण तिला तसं कधी सांगितलं नाही. घरात बडबड सगळी तिची. तो आपला मान डोलवायचा. मूल झालं नाही, पण त्यावरून तोंड पाडून बसलेली दोघं मी कधी पाहिली नाहीत.

मग तिच्या पायातलं बळ जायला लागलं. आधी दुकानाच्या पायऱ्या जड झाल्या, मग घरातला उंबरा. डॉक्टर म्हणाले, आजार नसांचा आहे, थांबवता येत नाही, पायांकडून वर चढत जाईल. हे ऐकून भाऊ घरी आला आणि संडासात धरायला दांडी बसवली. एका रेषेत, अगदी सरळ. तो रडला असेल तर ते मला दिसलं नाही.

आमची गल्ली अशी की समोरासमोरच्या खिडक्यांतून एकमेकांच्या ताटात काय वाढलंय ते कळावं. भावाकडे जुनी, लहानशी गाडी होती, ती गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावर उभी असायची, कारण दारात ठेवली तर बाकीच्यांचा रस्ता बंद. एका संध्याकाळी भावजयीला दवाखान्यात न्यायचं होतं. तिला पाऊल टाकवेना. भावाने गाडी दारात आणली आणि तिला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या उतरला. सगळी गल्ली उंबऱ्यावर आली. मागच्या गाड्या खोळंबल्या. कुणी "अरेरे" म्हणालं, कुणी "हळू हळू" म्हणालं, कुणी उगाच खुर्ची घेऊन धावलं. गडबडीत तिच्या पायातली चप्पल पडली. पलीकडच्या घरातले एक गृहस्थ, चांगले माणूस, त्यांनी ती उचलली, खाली वाकले आणि तिच्या लोंबणाऱ्या पायात घातली. तिने डोळे घट्ट मिटून भावाच्या शर्टात तोंड खुपसलं.

परत आल्यावर ती भावाला म्हणाली, "अहो, आता मी बाहेर जाणार नाही. तुम्ही उचला, मला काही वाटत नाही. पण ते लोकांनी बघायचं नाही."

"अगं, ती काय परकी माणसं आहेत?"

"परकी असती तर चाललं असतं."

त्यानंतर डॉक्टर घरी यायला लागले. भावजय पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. वर्ष गेलं. बाहेर जायचं नाही म्हणाली खरी, पण बाजाराची चौकशी रोज करायची. दुकानाची पाटी बदलली का? काचेतले बूट कुठल्या रंगाचे आहेत? एकदा मला म्हणाली, "ताई, एकदाच. दिवे लागल्यावर. गाडीच्या काचा वर करून नुसती दुकानासमोरून चक्कर मारायची. मी उतरणार नाही, कुणाशी बोलणार नाही." मी ते भावाला सांगितलं. त्याने खिशातून पट्टी काढली.

घराच्या एका अंगाला मोकळी जागा होती, जुने पत्रे आणि फुटक्या बादल्या टाकायची. ती तिच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. भाऊ म्हणाला, इथे गॅरेज बांधायचं आणि तिच्या खोलीतून गॅरेजात दार पाडायचं. गाडी आत घ्यायची, शटर ओढायचं, तिला पलंगावरून उचलून सीटवर बसवायचं, मग शटर उघडून निघायचं. उचललेलं कुणालाच दिसणार नाही, दिसेल ती फक्त गाडीत बसलेली बाई.

मला ते इतकं पटलं की मी लगेच गवंड्याचं नाव सुचवलं. आठी पडली.

"मी करतो."

"अरे, तू लेथ चालवतोस. विटा रचणं वेगळं."

"ताई, भिंत तिच्या खोलीची आहे. गवंडी, बिगारी दिवसभर तिथे वावरणार. ती कुठे तोंड लपवणार?"

मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, गल्लीत कुणालाही विचारा.

तर असं ते सुरू झालं. कामावरून आला की कपडे बदलायचे आणि फावडं घ्यायचं. सुट्टीचा दिवस तर सकाळपासून. पाया एकट्याने खणला. सिमेंटची पोती एकट्याने आत नेली. माल कालवायचा, पाटी भरायची, ठेवायची, थापी उचलायची, वीट लावायची, पुन्हा माल कालवायला खाली. दोन माणसांच्या कामात तो दोन्ही माणसं होता. प्रत्येक थराला दोरी, प्रत्येक विटेला पट्टी, तासातासाला ओळंबा. शेजारचे येऊन म्हणायचे, "आम्ही विटा तरी पुढे करतो." हा म्हणायचा, "नको, मोजमाप चुकतं." छपराचे पत्रे त्याने दोर आणि कप्पी लावून चढवले. एक टोक बांधायचं, शिडी उतरायची, दुसऱ्या टोकाकडे जायचं. बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा. मी खिडकीतून ओरडायची आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

भिंतीच्या आतल्या बाजूला ती पडून असायची. थापीचा आवाज ऐकायची. तो आत गेला की म्हणायची, "आज हात हळू चालला. दमलात." इतक्या वर्षांत मी त्या दोघांना इतकं जवळ कधी पाहिलं नव्हतं, आणि मधे भिंत होती.

गॅरेज उभं राहिलं. खरं सांगते, देखणं झालं. रंग दिला, शटर बसवलं, आतलं दार पाडलं. एका सुट्टीच्या सकाळी गाडी आत घ्यायचा मुहूर्त. मी आतल्या दारात उभी, भावजय पलंगावर उशांना टेकून. गाडी आत आली, दोन्ही बाजूंना सारखंच अंतर, भिंतीला कुठे स्पर्श नाही. फूटपट्टीच तो. त्याने ऐटीत इंजिन बंद केलं आणि उतरायला दार उघडलं. दार वीतभर उघडलं आणि भिंतीला टेकलं.

त्याने गाडी मोजली होती. पुढून मोजली, मागून मोजली, आरसे धरून मोजली. पण दारं लावून मोजली होती.

तो दुसऱ्या बाजूला सरकला. तिकडेही वीतभर. काचेतून माझ्याकडे बघत राहिला. मग सीटवरून मागे रांगत गेला आणि डिकीतून बाहेर आला, ढुंगण आधी. मला हसू आवरेना. मी पोट धरून खाली बसले. भावजयीला काय झालं ते सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि आम्हाला तिची पाठ चोळावी लागली. "अहो, मला डिकीत घालून न्या," म्हणाली. तो हसला नाही. तो भिंतीकडे बघत होता.

मी म्हणाले, "आता तरी गवंडी बोलाव."

"चूक माझी आहे. मी काढतो."

बाहेरची भिंत पाडली. एकट्याने. पाया पुढे सरकवला, पुन्हा तेच फावडं, तीच दोरी. पत्रे आता अपुरे पडले, नवे आणले. मधे पाऊस लागला आणि खणलेल्या चरात पाणी साठून राहिलं. मी भांडले त्याच्याशी, अगदी वाटेल ते बोलले. चार माणसं लावलीस तर आठवड्यात उरकेल, म्हणाले. तो म्हणाला, "तिला विचार." मी तिला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना करू द्या, ताई." तेव्हा तिचे हात उशीवरून उचलत नव्हते. आजार वर चढत होता आणि भिंतही, आणि भिंत मागे पडत होती. ते मला दिसत होतं, त्यालाही दिसत असणार, कारण त्याने पट्टी खिशातून काढणं बंद केलं होतं. नुसत्या नजरेने विटा लावत सुटला होता.

दुसऱ्यांदा गॅरेज झालं तेव्हा मी मुहूर्त वगैरे म्हणाले नाही. गाडी आत आली, दार सताड उघडलं. संध्याकाळ होती. मी तिला चांगले कपडे घातले. भावाने तिला उचललं, सीटवर बसवलं, पट्टा लावला. तिची मान एका बाजूला पडली. त्याने उशी लावली, मान दुसऱ्या बाजूला गेली. त्याने माझी ओढणी घेऊन तिचं कपाळ सीटला बांधलं. मग पुढे बसून इंजिन चालू केलं. मी शटर वर करायला वाकले, तेवढ्यात तिला धाप लागली. छाती वरखाली व्हायला लागली. "नको," ती म्हणाली. "उतरवा मला."

त्याने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. मीच पुढे होऊन ओढणीची गाठ सोडली. चक्कर झाली नाही, ती झालीच नाही कधी.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी पुन्हा कोपऱ्यावर नेऊन लावली. मला वाटलं, संपलं. पण दुपारी बघते तर त्याने पलंग गॅरेजात आणलेला. पलंगाचे पाय कापून तो बुटका केलेला, तिला कुशीवर वळवून मान उशीवर टेकवलेली, आणि शटर जमिनीपासून गुडघाभर वर. आत अंधार, बाहेर ऊन. आतून तिला गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय दिसायचे. बाहेरून तिचं काहीच दिसायचं नाही.

ते तिचे शेवटचे महिने. मी आत जाऊन बसायची. आवाज बारीक झाला होता, पण बडबड परतली होती. "हे बघा, ह्याने उजवी टाच घासून टाकलीय, चालतो वाकडा आणि दोष देईल बुटाला." "ही नवी सून, एक नंबर मोठी घालते, आईची असणार." एकदा मी बाहेरून जात होते तर शटरच्या खालून आवाज आला, "ताई, तुमच्या चपलेचा अंगठा सुटत आलाय. आजच शिवून घ्या, पडाल." मी तिथेच उभी राहून हसले आणि घरी येऊन पुष्कळ रडले.

आणि आमची गल्ली. दुसऱ्याच्या भांड्यात वाकून बघणारी गल्ली ही. आत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकजणही वाकला नाही. एकदा एका बाईची पिशवी फाटली आणि बटाटे घरंगळत शटरखालून आत गेले. भाजीवाल्याशी एका बटाट्यासाठी तासभर भांडणारी बाई ती. ती सरळ उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि उरलेली पिशवी घेऊन निघून गेली. भावजय म्हणाली, "किती चांगली आहेत ना सगळी."

एका सकाळी ती गेली. डॉक्टर येऊन गेले, शववाहिनी शटरसमोर येऊन थांबली. मी बाहेर पाहिलं तर गल्लीत चिटपाखरू नाही. एरवी कुणाकडे नुसती रुग्णवाहिका आली तरी उंबरे भरतात. आज एकूण एक दार बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. कुणी सांगितलं नव्हतं. तिला उचलताना बघायचं नाही, एवढं प्रत्येकाला कळत होतं.

भावाने तिच्या मानेखाली हात घातला, गुडघ्यांखाली हात घातला. तसाच थांबला. वजन काहीच उरलं नव्हतं तिचं. त्याने हात काढले, पुन्हा घातले.

"ताई," तो म्हणाला, "माझ्याच्यानं एकट्यानं होत नाहीये."

साठीला आलेला माणूस, पण त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. मी पुढे झाले, तर त्याने नको अशी मान हलवली. मी एकटी पुरणार नव्हते त्याला. "सगळे कुठे गेलेत?" त्याने विचारलं. "कुणीच कसं आलं नाही?"

मी शटर पूर्ण वर ढकललं आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडले, "दारं उघडा! तो बोलावतोय तुम्हाला."

दारं उघडली. बायका आल्या, पुरुष आले, खाली बघत आले. गॅरेजच्या तोंडाशी येऊन थबकले. आत बघावं की नाही ते कुणाला कळेना. भाऊ बाजूला सरकला, ती सगळ्यांना दिसावी म्हणून.

"या ना," तो म्हणाला. "केस मीच विंचरलेत. भांग सरळ आलाय का, बघा जरा."

सगळ्यांनी माना वर करून तिच्याकडे पाहिलं. भांग वाकडा होता. आम्ही एकेकाने त्याला सांगितलं, सरळ आहे.