कमरेची दोरी
आंबे पिकवायच्या आढीतल्या पेंढ्याचा वास आला की आजही माझे तळहात घामेजतात. त्या सकाळी आमच्या बागेतल्या उंच कलमावर गडी आंबे काढायला चढला होता. त्याच्या कमरेला बांधायची दोरी मीच आणली होती, पण भरलेली टोपली उतरवताना आंब्यांना मार लागेल म्हणून तीच दोरी सोडून टोपलीला बांधायलाही मीच सांगितलं. "दादा, मग माझ्या कमरेला काय?" त्याने वरून विचारलं. "एवढी टोपली उतरू दे रे," मी म्हटलं. टोपली अलगद माझ्या हातात आली आणि वर फांदी कडाडली. तो पाठीवर आपटला. सगळे धावले, एकाने त्याला बसवायला काखेत हात घातले, तेवढ्यात बोटीवरच्या नोकरीत प्रथमोपचार शिकलेले माझे काका ओरडले, "उठवू नका त्याला! पाठीला लागलंय!" त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि मला बागेतल्या खोपटाचं, मांगराचं, दार काढून आणायला पिटाळलं. मी परतलो तेव्हा ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पायाची बोटं हलव बघू." बोटं हलत नव्हती. चौघांनी त्याला न वाकवता दारावर घेतलं, इस्पितळात न्यायला टेम्पोत चढवलं, आणि पाली गाव मागे पडल्यावर डाव्या पायाचा अंगठा जरासा हलला. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं. "दादा, आंबं फुटलं नाय ना?" आता तो खाली बसून आंबे निवडतो, आणि दोरी बांधल्याशिवाय मी कुणाला झाडावर चढू देत नाही. मालक माणसांना फार जपतो, असं लोक म्हणतात. त्या टोपलीतला एकही आंबा फुटला नव्हता.