दुपारचा डिस्को आणि खांबापाशी मी

मद्रासमध्ये रात्र नव्हतीच. म्हणजे होती, पण आमच्यासारख्या घरांतल्या मुलींच्या वाट्याला ती आलेली नव्हती. दिवे लागायच्या आत उंबऱ्याच्या आत, एवढं सोपं गणित. म्हणून एका हॉटेलवाल्याने तळघरात दुपारचाच डिस्को सुरू केला होता, दर शनिवारी, जेवणं आटोपली की पाच वाजेपर्यंत. आणि त्या डिस्कोवर मला एम.फिल. करायचं होतं.

विषय माझा नव्हे, सरांचा. शहरी तरुणाई, नाच आणि नशा. माझे मार्गदर्शक असल्या विषयावर परिषदेत बोलणार होते आणि त्यांना गांजा, ब्राउन शुगर, बिघडलेली पिढी असं सगळं हवं होतं. मला फक्त पदवी हवी होती. ती मिळाली तर एका मुलींच्या कॉलेजात नोकरी होती. नाही मिळाली तर अप्पांनी पत्रिका बाहेर काढून ठेवलेल्याच होत्या. ते एकच वर्ष थांबणार होते, आणि आमचे अप्पा बोलतील ते करणारे.

पहिली अडचण दारातच. आत फक्त जोडप्यांना प्रवेश. मला भाऊ नाही. वर्गातल्या मुलाला घेऊन गेले असते तर अप्पांनी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. राहता राहिला मामा. आईचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, मद्रासजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरीत कारकून. शनिवारी लवकर सुटायचा आणि लोकलने यायचा, हातात रिकामा डबा, बुशकोटाच्या खिशात तपकिरीची डबी. पुरुषांना आत चप्पल चालणार नाही म्हणून शेजाऱ्याचे बूट मागून आणले, ते त्याला चावायचे.

दारावरच्या माणसाने विचारलं, हे कोण? मी काहीतरी थाप मारायची तयारी करून आले होते. मामा सरळ तमिळमध्ये म्हणाला, "हिचा मामा. आईचा सख्खा भाऊ."

तो माणूस आदबीने बाजूला झाला. मद्रासमध्ये मामा म्हणजे हक्काचा नवरा. आम्ही तंजावरकडचे मराठी लोकही त्यात मागे नाही, माझी एक मावशी तिच्या मामालाच दिलेली. मामा जिना उतरताना पुटपुटला, "घरीं कळलें तर आजच मुहूर्त काढतील, सांभाळ."

खाली जाड काळे पडदे लावून रात्र केलेली होती. मुली आल्या की आधी बाथरूममध्ये शिरायच्या. केसांतला मोगऱ्याचा गजरा काढायचा, ओल्या रुमालात गुंडाळायचा आणि जेवणाच्या डब्यात ठेवायचा. पाच वाजता तोच गजरा पुन्हा केसांत. सकाळी घातलेला गजरा संध्याकाळी डोक्यावर दिसला की घरी कुणी काही विचारत नसे. काय पोरी होत्या. मला त्या फार आवडायच्या.

"तू मात्र नाचायचं नाहीस," सरांनी बजावलं होतं. "तू संशोधक आहेस. कुणी बघितलं तर विभागाचं नाव जाईल." म्हणून मी दर शनिवारी त्याच एका खांबापाशी उभी. लहानपणी मी भरतनाट्यम शिकले होते, वयात आल्यावर आईने बंद केलं. पाय जमिनीला खिळवून ठेवायचे म्हणजे काय ते मला विचारा. गाणं सुरू झालं की अंगठे चपलेच्या आतच हलायचे, आणि मी आपली लिंबू सोड्याचा ग्लास धरून गंभीर चेहरा करायचे.

मामाला कुणी काही बजावलेलं नव्हतं. पोरींनी ओढलं तसा तो गेला, आणि देवळात भजनाला टाळ्या वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवत गोल गोल फिरला. सगळ्यांचा मामा झाला तो.

पुरुषांच्या बाथरूममध्ये मला शिरता येत नव्हतं, तेव्हा तिथली माहितीही मामाच आणायचा. एकदा बाहेर येऊन म्हणाला, "खोकल्याचें औषध पितात गं पोरें. आणि खोकला एकालाही नाहीं." आणखी काय? बाहेरून बिअर पिऊन आलेला एखादा, एका सिगारेटवर चौघे. बाकी सगळे लिंबू सोड्यावर. मामाची तपकीर मात्र पोरांनी हौसेने ओढली आणि शिंकून शिंकून हैराण झाली. मी ते सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, तपकिरीसकट.

सरांनी तपकीर लाल पेनने खोडली. "गांजा कुठाय?" असं विचारलं, जणू मीच तो घरी विसरून आले होते. नाही सर, म्हटलं. "नीट बघितलं नसशील." माझं डोकं फिरलं, पण सही त्यांची लागणार होती. खोटं लिहिलं नाही आणि तोंडही उघडलं नाही, एवढंच मला जमलं.

तोंडी परीक्षेला उत्तरेकडचे एक परीक्षक आले, बोलायला मोठे गोड. प्रबंध चाळत त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः नाचलात का?"

मी सरांकडे बघितलं. सर पंख्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

"एकदाही नाही? मग नाचणाऱ्याला काय वाटतं हे तुम्हाला कसं कळणार? हे सगळं लांबून बघितलेलं आहे. पुन्हा जा, त्यांच्यात मिसळा, मग लिहा."

"मी हिला पहिल्यापासून हेच सांगतोय," सर म्हणाले.

त्या क्षणी समोरचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं. मी थँक्यू म्हणाले आणि बाहेर आले.

मामाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "सरि, बरें तर. शनिवारीं जाऊं. ह्या वेळीं तूं नाच, खांबापाशीं मी उभा राहतों." मी मुद्दाम गजरा माळला, बाथरूममध्ये काढून डब्यात ठेवता यावा म्हणून. बसमध्येच माझ्या अंगठ्यांनी चपलेच्या आत ठेका धरला होता.

हॉटेलच्या दारात तोच माणूस होता. डिस्को बंद झाला, म्हणाला. आईबापांनी तक्रारी केल्या. आता खाली लग्नाची रिसेप्शनं होतात. मग आम्हा दोघांकडे कौतुकाने बघून म्हणाला, "तुमचं कधी? इथेच करा, मॅनेजरला सांगून भाडं कमी करून देतो."

मामा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मला हसू आलं नाही.

अप्पांनी मामाच्या शब्दाखातर आणखी एक वर्ष दिलं. पदवी मिळाली, पण दुसऱ्याच विषयावर, गृहिणींच्या बचतीच्या सवयींवर. सर खूश. नोकरीही मिळाली. आता घरच्या लग्नांत भाचरं नाचतात आणि माझा हात धरून ओढतात. मी नको म्हणते. मी जिथे उभी असते तिथे बहुतेक एखादा खांब असतो, आणि तो मीच शोधलेला असतो, याचा मला अजून संताप येतो.