वाकडा समांतरभुज चौकोन

मी नववीत असताना आमचे भूमितीचे सर लकव्याच्या दुखण्यातून चार महिन्यांनी शाळेत परतले. उजवा हात खिशात, खडू डाव्या हातात, आणि शब्द थांबत थांबत यायचे. त्यांनी फळ्यावर समांतरभुज चौकोन काढला आणि वर्गात सगळ्यात आधी हसले ती मी. होताच तसा. एक बाजू लांबलचक, समोरची आखूड, आणि कोपरे पावसात भिजलेल्या खोक्यासारखे बसलेले.

सर रागावले नाहीत. मलाच उभं केलं. "वरची आन् खालची बाजू समान हाये का?"

"दिसत तर नाही, सर."

"दिसते का, हे नाही इचारलं. समान हाये, तं काऊन?"

आमचं गाव मोताळ्याजवळचं. घरी 'काऊन', म्हणजे 'का', विचारलं की पोरगी उलट बोलते म्हणून पाठीत धपाटा बसायचा. इथं हा माणूस प्रत्येक ओळीपुढं कारण लिहायला लावायचा. कोणी 'आकृतीवरून' असं लिहिलं की ती ओळच खोडायचा. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मग एक दिवस मुख्याध्यापक आमच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. का आले, ते साऱ्या शाळेला माहीत होतं. भूमिती नव्या सरांना द्यायची होती; ते स्मार्ट बोर्डवर देखण्या आकृत्या काढत. दुखण्यानंतर आमच्या सरांकडं तेवढा एकच विषय उरला होता.

त्या दिवशीचं प्रमेय होतं: समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात. सरांनी आकृती काढली. कर्ण छेदले ते भलतीकडंच, एका कोपऱ्याजवळ. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला.

सरांनी फळ्याकडं पाहिलं, डस्टर उचललं आणि आकृती पुसून टाकली. मला म्हणाले, "चाल, सांग आता."

कोऱ्या फळ्यासमोर मी सुरुवात केली. संमुख बाजू एकरूप. "काऊन?" समांतरभुज चौकोनाच्या आहेत म्हणून. हे दोन कोन एकरूप. "काऊन?" बाजू समांतर, कर्ण त्यांची छेदिका, म्हणून व्युत्क्रम कोन. दुसऱ्या कर्णावर कोनांची दुसरी जोडी. कोबाको कसोटीनं त्रिकोण एकरूप. म्हणून त्यांच्या संगत बाजू एकरूप, म्हणजे प्रत्येक कर्णाचे दोन्ही तुकडे सारखे.

बोलता बोलता माझ्या अंगावर काटा आला. फळ्यावर एक रेघ नव्हती, तरी एकेक पायरी पायाला घट्ट लागत होती. मी कुठल्या एका चौकोनाबद्दल बोलतच नव्हते. आजवर कोणी काढलेला, कोणी कधीच काढणार नसलेला, प्रत्येक समांतरभुज चौकोन त्यात आला होता. काढणाऱ्याचा हात कितीही थरथरो, हे बदलणार नव्हतं. एवढं मोठं काही मला आधी कधी भेटलं नव्हतं. दर महिन्याला शेगावला दर्शनाला जाऊनही नाही.

मुख्याध्यापक उठून पुढं आले. हातात नव्या वेळापत्रकाचा कागद होता. "ती कोनांची दुसरी जोडी परत सांग बरं," ते मला म्हणाले. मी सांगत गेले तसं त्यांचं बोट कोऱ्या फळ्यावर हळूहळू सरकत गेलं. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि सरांना विचारलं, "सर, उद्याच्या तासाला पण बसू का मी?"

लकव्यानंतर सरांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही उत्तराची वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, सर रडत होते.