दर रविवारी तीन आकडे खाली

माझी उंची चार फूट आठ इंच आहे. आता हे वाक्य मी सहज लिहिते, पण वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ते मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. ज्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं, त्याला सांगताना माझे हात इतके गार पडले होते की कीबोर्डवरची बटणं चुकत होती.

आम्ही नाशिक रोडला एका कॉलनीत राहायचो. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईने पेन्सिलीने माझ्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. दर वाढदिवसाला ओवाळून झालं की मला चौकटीला पाठ लावून उभं करायची आणि डोक्यावर पट्टी आडवी धरायची. आठवीनंतर खूण वर सरकेना. मग दर वर्षी त्याच जागी रेघ पडत गेली आणि तिथे एक जाड काळा पट्टा तयार झाला. आईने मला मैदानातल्या लोखंडी बारला लोंबकळायला लावलं, टीव्हीवर दिसेल ती दुधात घालायची पावडर आणली, सायकल घेऊन दिली. सायकलच्या पेडलवर पाय पुरायला सीट इतकी खाली घ्यावी लागली की दुकानदारच हसला.

पुढे लग्नाचं बघायला सुरुवात झाली, तेव्हा मला एका खुणेची धास्ती बसली. लोक म्हणायचे, "मुलगी छान आहे हो, शिकलेली आहे, फक्त..." आणि पुढचा शब्द न बोलता हाताचा तळवा जमिनीला समांतर धरून दाखवायचे. त्यांचा तळवा माझ्या खऱ्या उंचीपेक्षाही वीतभर खालीच असायचा. अशी सहा स्थळं गेली. सातव्याच्या वेळी आईने बायोडेटा स्वतः लिहिला आणि त्यात उंची घातली पाच फूट एक इंच. मी म्हटलं, "आई, अगं दिसणार नाही का?" ती म्हणाली, "बसलेल्या माणसाची उंची कुणाला दिसत नाही. तू फक्त उठू नकोस."

मुलगा पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं होतं आणि तो दहा दिवसांच्या सुट्टीवर आला होता. पाहुणे यायच्या आधीच मला खुर्चीत बसवलं होतं. खाली चौपदरी गोधडी आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायांखाली देवघरातला पाट, त्यावर साडीचा घोळ पसरलेला. वर, न जाणो उठायची वेळ आलीच तर असावेत म्हणून, चार इंची सँडल. उंबऱ्याच्या आत चप्पल आणली म्हणून पाहुण्यालाही सुनावणाऱ्या आईने मला घरात सँडल घालायला लावले होते! चहा मावशीने दिला. मी तासभर पुतळ्यासारखी बसून होते. पाट सरकला तर काय, एवढा एकच विचार डोक्यात होता. तो काय बोलला, कसा दिसत होता, मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की त्यानेही दारात बूट काढले नव्हते. त्याची आई घाईघाईने म्हणाली होती, "त्याच्या पायाला लागलंय हो, राहू दे." पाहुणे गेल्यावर आईने फरशी पुसता पुसता म्हटलं, "अमेरिकेला गेलं की रीतभात विसरतात."

होकार आला. चार दिवसांत हॉलमध्ये साखरपुडा झाला, तिथेही सगळं खुर्चीत बसून. केसांचा अंबाडा आईने असा बांधला होता की माझी मान दुखत होती. तो परत गेला. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. घरात सगळे खूश होते आणि मी मात्र रोज सकाळी उठले की दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायचे. मोडलेल्या साखरपुड्याची मुलगी म्हणजे काय, हे आमच्या कॉलनीत मी पाहिलं होतं. तिच्या घरच्या खिडक्या दुपारीसुद्धा बंद असायच्या.

मग त्याचा ईमेल आला. इंटरनेटवर एक जग आहे, त्यात आपलं एक माणूस तयार करायचं, त्याला चालवायचं, आणि तिथे दोघांना भेटता येतं. फोन महाग पडतो, तर आपण तिथे भेटू या का?

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सायबर कॅफे होता. त्यात मुलांच्या गेमसाठी ठेवलेला एकच चांगला कॉम्प्युटर होता. कॅफेवाल्या काकांनी रविवारी सकाळी आठ ते नऊ तो माझ्यासाठी राखून ठेवला. माझी सकाळ म्हणजे त्याची शनिवारची संध्याकाळ. त्या जगाने मला आल्या आल्या एक शरीर देऊन टाकलं. लांबच लांब पाय, सडपातळ, उंच. बहुतेक सगळ्यांनाच तसं देतात. तळ्याकाठी तो उभा होता आणि माझं डोकं त्याच्या हनुवटीपाशी येत होतं. बायोडेटातल्या आकड्यांप्रमाणे अगदी बरोबर. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या उंच बाईला एकेक पाऊल टाकायला लावताना मला पायात पुन्हा ते सँडल असल्यासारखं वाटत होतं. आता पडेन, आता सगळ्यांना कळेल.

शरीर बदलायच्या पानावर उंचीची एक पट्टी होती, शून्यापासून शंभरापर्यंत. माझी सत्तरवर होती. ती पट्टी बघताना मला जी युक्ती सुचली, तिचं मला आजही हसू येतं. एकदम खाली आणली तर त्याच्या लक्षात येईल. म्हणून दर रविवारी फक्त तीन आकडे खाली घ्यायची. दिवाळीपर्यंत त्याच्या डोळ्यांना बुटक्या बायकोची सवय होईल. मांडवात मला बघून त्याला धक्का बसणार नाही, कारण दर आठवड्याला तो मला थोडी थोडी बुटकी बघत आलेला असेल. एवढ्या शिकलेल्या बाईला ही युक्ती पटली होती, यावरून माझ्या भीतीचा अंदाज यावा.

सत्तर, सदुसष्ट, चौसष्ट. दर रविवारी बटण दाबताना मला वाटायचं, तो लगेच विचारेल, "तू काही बदललंस का?" तो काहीच विचारायचा नाही. ऑफिसबद्दल बोलायचा, तिकडच्या थंडीबद्दल बोलायचा, "पोहे काय चुकतात कळत नाही" म्हणायचा. मी "तुम्ही आधी भिजवता का?" असं काहीतरी लिहायचे आणि माझा डोळा सतत आमच्या दोघांच्या डोक्यांवर असायचा. चित्र फिरवून बाजूने बघायचे. पाच रविवार झाले तरी माझं डोकं त्याच्या हनुवटीपाशीच! मी घाबरून काकांना विचारलं की ही पट्टी चालत नाही का. ते म्हणाले, "मॅडम, नेट लय स्लो हाय. वेळ लागतो त्याला."

मी वाट बघितली. सातवा रविवार गेला, नववा गेला. पत्रिका छापून आल्या. आईने माझ्यासाठी सुताराकडून मांडवात उभं राहायला पाट करून घेतला. पाट कसला, स्टूलच तो, चांगला पाच इंच उंच. "कुणी विचारलं तर आमच्याकडची रीत म्हणायचं," असं तिने मला बजावलं. रात्रंदिवस मला एकच दिसत होतं. मंगलाष्टकं संपली आहेत, मी पाटावरून उतरले आहे आणि सगळा हॉल तळवे जमिनीला समांतर धरून उभा आहे.

अकराव्या रविवारी मी तळ्याकाठच्या बाकावर बसले. तिथे माऊसने बाकावर टिचकी मारली की माणूस आपोआप बसतं. आणि मी बघितलं की माझे पाय लोंबकळतायत. बसच्या सीटवर, डॉक्टरांकडच्या बाकावर, साखरपुड्याच्या खुर्चीत साडीच्या घोळाखाली लोंबकळायचे, अगदी तसे. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी खरं सांगते. मला हायसं वाटलं. ही मी होते. ते पाय माझे होते. अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच त्या बाईला बघून मला ती आता पडेल असं वाटलं नाही.

मग तो शेजारी येऊन बसला. आणि त्याचेही पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते.

पट्टी चालत होती तर. मी खाली येत होते आणि तोही माझ्याबरोबर खाली येत होता, म्हणून माझं डोकं त्याच्या हनुवटीपाशीच राहत होतं. याला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि हा माझी नक्कल करून मजा बघतोय. भीती इतकी वाढली की तिचा राग झाला. मी लिहिलं, "तुम्ही माझी चेष्टा करताय का? माझी उंची चार फूट आठ आहे. बायोडेटातली खोटी आहे. लग्न मोडायचं तर आजच सांगा." दोनदा चुका दुरुस्त केल्या आणि बटण दाबलं.

लाइट गेली. रविवार होता तरी भारनियमन. काकांच्या यूपीएसने दोन मिनिटं पीं पीं केलं आणि पडदा काळा झाला. "आता बारानंतर," काका म्हणाले.

घरी जाऊन मी पत्रिकांवर कुंकवाची बोटं लावत बसले. आई पत्ते वाचत होती आणि मी प्रत्येक पत्रिकेला हळूच म्हणत होते, हे लोक येणार नाहीत, हेही येणार नाहीत. साडेअकराला फोन वाजला. आईने उचलला आणि मला खुणेने सांगितलं की त्याची आई आहे. मी कुंकवाची वाटी खाली ठेवली. आई "हो... हो... हो ना..." करत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. फोन ठेवून ती म्हणाली, "नवरदेवाचा पाट त्या स्वतः घेऊन येणार म्हणतायत. त्यांच्याकडे रीत आहे म्हणे." आणि मग खूश होऊन, "बरंच झालं की. म्हणजे आपल्या पाटाचंही कुणी काही विचारणार नाही!"

बारा वाजता मी कॅफेच्या दारात उभी होते. लाइट आली, मशीन सुरू व्हायला जन्म लागला. त्याचा निरोप येऊन पडला होता.

"माझी पाच चार आहे. बायोडेटात पाच सात लिहिलीय. त्या दिवशी माझ्या पायाला काहीच लागलं नव्हतं, बुटांचे तळ जाड होते. तू पहिल्यांदा खाली आलीस तेव्हा मला वाटलं, तुला कळलंय आणि तू मला न बोलता सांगतेयस की खरं ते दाखव. मग मीही येत गेलो. एकदम यायची हिंमत नव्हती. लग्न मोडायचं असेल तर तू सांग."

मला आधी संताप आला. अकरा आठवडे मी झोपले नव्हते आणि हा माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच भीतीने माझ्यामागोमाग आकडे कमी करत होता! मग मी तोंडावर ओढणी धरून इतकी हसले की काकांनी पाणी आणून दिलं. उत्तर काय लिहिलं? "पोहे भिजवायचे नसतात, चाळणीत घेऊन नुसते धुवायचे," असं लिहिलं.

घरी आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. आपापल्या आईला आम्ही एकमेकांपेक्षा जास्त घाबरत होतो.

मांडवात मी माझ्या पाच इंची पाटावर उभी राहिले आणि तो त्याच्या तीन इंची पाटावर. अंतरपाट दूर झाला, हार घातले, फोटो निघाले. त्या फोटोत आम्ही बायोडेटातल्याइतके उंच आहोत. मग गुरुजी म्हणाले, "चला, आता खाली या." समोर तीनशे माणसं. इतके दिवस जे दिसत होतं ते आता खरंच होणार होतं. पाट डुगडुगला.

"उतरू या?" तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

तोवर मी त्याला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. "आधी तू," मी म्हटलं.

तो उतरला. त्याची आई वरच्या पंख्याकडे बघत राहिली. माझी आई माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होती. मी तिच्याकडे बघितलं, साडी हातात धरली आणि उतरले. माझं डोकं त्याच्या हनुवटीपाशी आलं.