सौसरच्या टेबलावरची अर्धी प्रदक्षिणा

धर्मशास्त्राची व्यवस्था विचारण्यासाठी लोक माझ्याकडे येत असतात. सुतक किती दिवसांचे, पारणे केव्हा करावे, असे ते प्रश्न. परंतु खेळण्यातील आगगाडीसंबंधी व्यवस्था मागणारा दूरध्वनी मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गेल्या कार्तिकातील एका शुक्रवारी, प्रथमच आला.

"पंडित, तू उद्याच्या उद्या ये. तुझी वहिनी रुसून बसली हाय. मायी रेल्वे पाहूनच नाही राहिली!"

पलीकडे गजानन होता. माझा शाळासोबती, मध्य प्रदेशातील सौसर येथील निवृत्त विज्ञानशिक्षक. गावातून धावणारी नॅरोगेजची छोटी गाडी बंद होऊन रुंद रूळ आले, तेव्हापासून जुने स्टेशन लाकूड, पुठ्ठा आणि तारांनी दिवाणखान्यात उभे करण्याचा ध्यास त्याने घेतला होता. आता गाडीबरोबर तेथील माणसेही हलावीत, असा त्याचा यत्न चालला होता.

रुळांच्या कडेला महादेवाचे देऊळ आहे. कुसुमवहिनींनी चाळीस वर्षे दर सोमवारी तेथे प्रदक्षिणा घातली. खुब्याचे हाड मोडले आणि त्या चाकाच्या खुर्चीला खिळल्या. गजाननाने अंगठ्याएवढी बाहुली कोरली, तिला वहिनींच्याच हिरव्या लुगड्याचा काठ नेसवला आणि छोट्या मोटरवर फिरणाऱ्या चकतीवर तिला टेबलावरच्या देवळाभोवती सोडले. वहिनींनी एक फेरी पाहिली आणि खुर्ची वळवून त्या आत निघून गेल्या.

कारण सांगितलेच पाहिजे. पिंडीवरील अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जाते ते सोमसूत्र. भक्त तेथपर्यंत जातो, ते न ओलांडता परत फिरतो. म्हणून महादेवाची प्रदक्षिणा अर्धी. बाहुली मात्र प्रत्येक फेरीला सोमसूत्र ओलांडून गरगर फिरत होती.

"तू फक्त येऊन सांग का खेळण्यात दोष नसते. तुझं ऐकते ते," गजानन म्हणाला. "सोमवारी तरी तिनं पाहावं, बाप्पा."

मी पिशवी भरली.

शनिवार. नागपूरहून सावनेरमार्गे सौसरला जाणारी बस सकाळी लवकर धरावी. उन्हाचा त्रास होत नाही आणि खिडकी मिळते. प्रवास दोन तासांच्या आसपासचा. सावनेर सुटल्यावर पाट्यांवरील लिपी तीच राहते, भाषा मात्र हिंदी होते. बसमधील बोलणे तेवढे मराठीच राहते. लोधीखेड्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. बाया लहानमोठी फळे निवडून वेगळी करीत होत्या आणि उघड्या खिडक्यांतून तो आंबटगोड वास आत येत होता. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई संत्र्यांची भली मोठी टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, टोपली खाली ठेव ना," वाहक म्हणाला.

"खाली ठेवली तं हे बाबाजी पाय कुठी ठेवतीन? तुह्या डोक्स्यावर?"

बाबाजी म्हणजे मी! सगळी बस हसली, आणि भरपाई म्हणून दोन संत्री माझ्या हाती आली.

गजाननाच्या दारात पाय ठेवला आणि मी वय विसरलो. दिवाणखान्यात दोन तखतपोस, म्हणजे उंच लाकडी पलंग, जोडून केलेल्या टेबलावर जुने सौसर पसरले होते. इंजिन फाटकाजवळ आले की फाटकवाला हात उचलून दांडी पाडी. संत्रीवाला डब्याच्या खिडकीकडे फळ पुढे करी. स्टेशनावरचे कुत्रे शेपूट हलवी, तेही गाडी आली की दुप्पट वेगाने! मी चार वेळा गाडी सोडायला लावली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "झाला खेळ पाहून? आता सांगा भाऊजी, दोष हाय का नाही?"

गजानन माझ्याकडे आशेने पाहत होता. "दोष नाही" हे दोन शब्द उच्चारणे सोपे होते. मातीच्या वा लाकडाच्या आकृतीला विधिनिषेध नाहीत, हेही खरे. परंतु त्या हिरव्या काठाकडे पाहून मला ते म्हणवेना.

"बाहुलीला दोष लागत नाही," मी म्हणालो. "पण ही बाहुली तुमची म्हणून केली आहे, आणि तुम्ही अशा कधी चालला नाहीत. ती सोमसूत्रापासून परत फिरली पाहिजे."

"हे बोलले बराबर!"

"तुले कायले बोलावलं, अन् तू काय करून राहिला!" गजाननाने कपाळावर हात मारला. "मोटर एकाच बाजूनं फिरते. मंग मी काय टेबलाखाली बसून उलटंसुलटं बटन दाबत राहू?"

"बसा ना," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मले तं बसूनच राहा लागते."

मग त्यांनीच गजाननाला वांग्याची भाजी आणि निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे वाढायला सांगितले. तूप घालून खाल्लेले ते रोडगे अद्याप जिभेवर आहेत.

रविवार. मोटरीवर काही उपाय निघतो का ते पाहायला गजानन आणि मी सकाळी बसने पांढुर्ण्याला निघालो. वाटेत जामसावळीला उतरून निजलेल्या मारुतीचे दर्शन घेतले; इकडे येणाऱ्याने ते चुकवू नये. पांढुर्ण्याला बसस्थानकाबाहेर पोहे आणि जिलेबी मिळते, दोघांचे पोट शंभराच्या आत भरते. मूळचे तिगावचे देवराव हे गजाननाचे जुने विद्यार्थी. ते तेथील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर आहेत आणि कापसाच्या हंगामात रविवारीही कामावर असतात.

जिनिंगमध्ये आम्ही शिरलो आणि क्षणात माझ्या काळ्या टोपीवर रुई साचली.

"सर, महाराजांले म्हातारं करून टाकलं आपण!" देवराव ओरडले, यंत्रांच्या घरघरीत ओरडल्याशिवाय भागत नाही.

"टोपीच काळी होती तेवढी, तीही गेली," मीही ओरडलो.

देवरावांनी यंत्र दाखवले. कातडी रूळ कापूस ओढतो आणि त्याला चिकटून एक पाते सारखे खालीवर होत सरकी वेगळी पाडते. मी यंत्र चालवणाऱ्या चाकाकडे पाहिले. चाक एकाच दिशेने फिरत होते. मी पात्याकडे पाहिले. पाते जात होते आणि परत येत होते!

"गजानन!" मी त्याचा दंड धरला. "हे पाते सोमसूत्र ओलांडत नाही!"

देवरावांना काहीच कळेना. सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र ते आमच्याहून अधिक पेटले. चाकाच्या कडेला दांडा जोडला की फिरण्याचे जाणे-येणे होते, हे त्यांचे रोजचेच काम. भंगारातून त्यांनी जुन्या संगणकाचा सीडीचा कप्पा शोधला. दांड्याने ढकलली की त्याच्या दात्यांची पट्टी पुढेमागे सरकते आणि चकतीखालचे छोटे चाक एकदा सुलटे, एकदा उलटे फिरवते.

"उद्या सुट्टी टाकतो," ते म्हणाले. "काकूंच्या हातचा चहा लय दिवसाचा राहिला हाय."

सोमवार. सकाळी देवराव हजर. गजानन तखतपोसाखाली, देवराव अर्धे खाली अर्धे वर, आणि मी उपवासाची भगर खाऊन विजेरी धरून. दुपारी पहिली चाचणी झाली. बाहुली नंदीपासून निघाली, डौलात सोमसूत्रापर्यंत गेली आणि परत निघाली. परंतु तोंड न वळवता, पाठीमागे पाठीमागे चालत! आम्ही तिघेही हसत सुटलो.

आतून आवाज आला. "उलटी चालून राहिली ना मी?"

हसणे जागीच थांबले. देवरावांनी बाहुली चकतीवर घट्ट न बसवता सैल खिळ्यावर उभी केली, तिच्या पायांखाली बारीक दांडी दिली आणि वाटेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. दांडी खुंटीला अडली की बाहुली स्वतःभोवती फिरणार. दोनदा खुंट्यांची जागा चुकली, तिसऱ्यांदा बसली.

प्रदोषकाळी मी देवळात समई लावली. खरी नव्हे, गजाननाचा मोहरीएवढा दिवा. वहिनींची खुर्ची आणली. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलेच नाही, फक्त देवळाकडे. गजाननाने बटण दाबले.

बाहुली निघाली. दांडा टोकाला येता येता आपसूक मंदावतो, म्हणून सोमसूत्राजवळ तिची पावले हळू झाली. ती थांबली. दांडी खुंटीला लागली, तशी ती किंचित पुढे झुकली आणि मग वळून आल्या वाटेने निघाली.

"थांबली," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या फेरीला त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. "तिथं मी नमस्कार करत होती. कोणी सांगितलं तुम्हाले?"

कोणीच सांगितले नव्हते. ते झुकणे केवळ खिळ्याच्या सैलपणाचे होते.

"मले काय मालूम?" गजानन म्हणाला. "मी तं बाहेर चपला राखत बसत होतो."

वहिनींनी देवळाच्या पायऱ्या निरखल्या. "मंग तुम्ही कुठी हाय?"

सगळे गाव हलवणाऱ्या गजाननाने स्वतःला कोठे बसवलेच नव्हते!

"त्याले तं मोटर बी नाही लागत, सर," देवराव म्हणाले.

मंगळवारी पांढुर्ण्याहून रेल्वेने परतलो. सोबत पिशवीभर संत्री होती. कार्तिक ते पौष हा या भागात येण्याचा उत्तम काळ. ऊन सौम्य आणि फळ ताजे असते.

घरी आलो त्याला आता महिना झाला. आमच्या गल्लीतील महादेवाला मी रोज प्रदक्षिणा घालतो. इतकी वर्षे सोमसूत्राशी पोचलो की जपाची संख्या न चुकवता चटकन वळत असे. विधी निर्दोष होता, पण तेथे मी कधी थांबलो नव्हतो. आता थांबतो. एकदोनदा संख्या चुकली आहे.

काल वहिनींच्या भ्रमणध्वनीवरून छायाचित्र आले. देवळाच्या पायरीवर अंगठ्याएवढा माणूस बसला आहे. शेजारी तिळाएवढ्या चपलांचे दोन जोड. मागून गाडी चालली आहे, फाटकवाल्याचा हात वर आहे. पण त्या माणसाची पाठ गाडीकडे आहे आणि तोंड देवळाकडे.