नाकवाल्या मावशी

नाकवाल्या मावशी कुणाच्याही घरी गेल्या की पायातले बूट काढायच्या आधी त्या घराची खबर द्यायच्या. "फोडणीत मोहरी करपली का गं?" किंवा "तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी झिरपतंय, बघून घ्या." आणि ते खरं निघायचं. कॅनडातल्या ग्वेल्फमधल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत चीज आणि सॉस हुंगून, चाखून मत देणं ही त्यांची नोकरीच होती.

मी नागपूरहून शिकायला आले तेव्हा त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. मी केलेली भाजी त्या आधी नाकाजवळ न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि माझी शिकवणी सुरू करायच्या. "छान वास म्हणजे काय? कसला छान? नीट सांग." पोटात कावळे ओरडत असताना ही परीक्षा मला नकोशी व्हायची. काका, म्हणजे मावशींचे यजमान, मात्र कौतुकाने बघत बसायचे. बायकोच्या नाकाचा त्यांना स्वतःच्या इंजिनिअरिंगपेक्षा जास्त अभिमान होता.

काका रिटायर झाल्यावर दोघं भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघाली आणि "फोनवरचं सगळं बघायला कुणीतरी हवं" म्हणून मलाही सोबत नेलं. सिसिलीला बोट लागायची होती, त्या दिवशीसाठी काकांनी वाइन टेस्टिंगची सहल खास मावशींसाठी बुक केली होती.

बसच्या रांगेत मावशींनी माझा दंड धरला.

"आपण दोघी बोटीवरच राहूया का?"

"का हो? बरं नाही का वाटत?"

"मला वास येत नाही गं. कसलाच येत नाही."

सर्दी असेल, कोविड असेल, असं काहीबाही मी बोलले. त्यांनी मान हलवली. "टेस्ट केली, निगेटिव्ह आहे. माझ्या बाबांचं पार्किन्सन्स असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला, मग हात थरथरायला लागले, मग चालणं गेलं." फॅमिली डॉक्टरकडे त्या गेल्याच नव्हत्या. ऑफिसात इतरांचं ऐकून वेळ मारून नेत होत्या. "यांना कळता कामा नये. बाबांचं सगळं यांनी जवळून पाहिलंय. कोसळतील ते."

तेवढ्यात काका तिकिटं नाचवत आले.

बसमध्येच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "माय वाइफ इज अ प्रोफेशनल! जस्ट वेट अँड सी!" द्राक्षमळ्यात आमच्या टेबलावर कॅल्गरीचं एक जोडपं होतं, ते आतापासूनच मावशींकडे आदराने बघू लागलं.

पहिला ग्लास आला तसं मी घाईने नाक खुपसलं. "मला बाई कैरीसारखं वाटतंय!" मावशींनी तो धागा पकडून त्याचे दोन वजनदार इंग्रजी शब्द केले. टेबलावर कौतुक झालं. दुसऱ्या ग्लासला मी जांभूळ म्हणाले, तेही निभावलं. मावशी माझ्याकडे बघतही नव्हत्या.

तिसऱ्या ग्लासला काका माझ्यावर वैतागले. "तू जरा गप्प बस गं. तिला सांगू दे."

मी ग्लास नाकाशी नेला. भिजून कुबट झालेल्या पुठ्ठ्याचा वास आला. टेबलाखालून मी मावशींचा पाय दाबला, पण त्यांना त्यातून काय कळणार? सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी अगदी पूर्वीसारखे डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ब्यूटिफुल."

कॅल्गरीच्या बाईंनी नाक मुरडलं. वाइन ओतणारी मुलगी लगबगीने आली. बुचामुळे ही बाटली खराब झालीय, माफ करा, म्हणत ती ग्लास गोळा करू लागली. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला.

काकांनी आपला ग्लास दिला नाही. "आय ॲग्री विथ माय वाइफ," असं म्हणून त्यांनी ती घाणेरडी वाइन तळापर्यंत संपवली. गंमत समजून सगळे हसले. मला मात्र रडू येत होतं.

परतीच्या बसमध्ये मी दोघांच्या मागच्या सीटवर होते.

"अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," मावशी शेवटी म्हणाल्या.

"माहितीये मला. गेल्या विंटरमध्ये तू खवट तुपाचा शिरा केला होतास. मी दोनदा मागून घेतला."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मग इथे कशाला आणलंत मला? एवढ्या लोकांत?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "वाटलं, इथे तरी तू बरोबर सांगशील. माझीच काहीतरी चूक होतेय, असं निघेल."

मावशींनी डोळे पुसले. "घरी गेल्यावर डॉक्टरांना फोन तुम्ही करा. माझ्याच्याने होणार नाही."

"करतो."

काकांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, बोटं सरळ केली आणि बंदर येईपर्यंत त्या बोटांकडे बघत राहिले. मीही मागून तेच बघत होते.